पहाऱ्याची वही

फोटोतली चादर तिने आधी ओळखली, होडी मागून. होड्यांच्या सामानाच्या त्या दुकानात काउंटरशेजारी एक बुचाचा फळा होता आणि फळ्यावर नाही नाही ते कागद टाचलेले होते. कुणाचं मांजर हरवलंय, कुणी गिटार शिकवतंय, कुणाला जुनं इंजिन काढून टाकायचंय. दुकानदार मेणाचा दोरा शोधायला आत गेला होता आणि ती आपली उभी होती, पाय दुखत होते, म्हणून फळा वाचत होती. एका फोटोत कठड्यावर निळी चादर वाळत घातलेली. तिच्या मनात आलं, या बाईने चादर धड पिळलेली नाही, खालच्या काठाला पाणी साठलंय. मग तिला चादरीच्या कोपऱ्यातलं ठिगळ दिसलं. तपकिरी कापडाचं, चौकोनी, आणि चौथ्या बाजूला टीप जरा तिरकी गेलेली, कारण ते लावताना लाटा होत्या आणि मशीन गुडघ्यात धरून शिवावं लागलं होतं. आपली टीप माणूस आपल्या सहीसारखी ओळखतो. तिने मग चादरीच्या मागची होडी पाहिली. दोन बारीक अंगं, मधे फळीचा पूल, उभी डोलकाठी. शिडाची कॅटामरान. विकणे आहे. बुधवारी चारनंतर पाहता येईल. आणि खाली, त्याच्या त्या बसच्या पाटीसारख्या ठसठशीत अक्षरात, विकण्याचं कारण : मालकाचा उजवा डोळा गेला आहे.

तिने ते वाक्य तीनदा वाचलं. दर वेळी ते तेवढंच होतं. दुकानदार दोरा घेऊन आला, तिच्या नजरेचा रोख पाहून म्हणाला की वाईट झालं, पण माणूस सच्चा आहे, एवढं खरं कारण कोण लिहितं. बायकोला फार लागेल म्हणत होता. तुम्ही ओळखता का त्यांना? ती म्हणाली, थोडंफार. मग तिने कागदाच्या चारही टाचण्या एकेक करून उपटल्या, फळ्याच्या कोपऱ्यात नीट ओळीत लावल्या, कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकली. दुकानदार तोंड उघडं ठेवून बघत राहिला. दोऱ्याचं गुंडाळं उचलून ती बाहेर पडली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आज बुधवार होता.

शहरात सगळं आपापल्या जागी होतं. फुटपाथ, सायकली, लॉन्ड्रीतून येणारी गरम वाफ, काचेच्या दारांची ऑफिसं आणि त्यातली गळ्यात कार्डं लटकवलेली माणसं. सहा वर्षं पाण्यावर राहिलं की पहिले चार दिवस जमीन हलते. आज चौथा दिवस होता आणि तिला वाटलं होतं आता थांबली असेल, पण आत्ता परत हलायला लागली. सकाळी त्यानेच यादी दिली होती. मेणाचा दोरा, मोठी सुई, पितळी वायसर, रॉकेलच्या दिव्याची वात, साबण, आणि अशी अजून अकरा कामं, शहराच्या चार टोकांना. सावकाश ये कंडक्टर, घाई करू नकोस, म्हणाला, शहर बघ जरा, चांगलं-चुंगलं खा. आणि तिला, खुळीला, बरं वाटलं होतं. यादीतली अक्षरं केवढी मोठी होती, एका कागदावर मावली नाहीत म्हणून पाठपोट लिहिलेली. तेव्हा ती हसली होती, म्हणाली होती, ही यादी आहे का मोर्चाचा फलक. आता तिने ती यादी पिशवीतून काढली आणि फुटपाथवर उभी राहून पाहिली. अक्षरं उजवीकडे जाता जाता खाली घसरत होती, शेवटचा शब्द तर पार कागदाच्या कडेवरून पडायच्या बेतात. साबण. त्यातला ण अर्धाच.

आता इथे तो कोण ते सांगायला हवं, म्हणजे हिला एवढा संताप का आला ते कळेल. तो बसचा ड्रायव्हर. तीस वर्षं एकाच शहरात एकाच मार्गावर बस चालवली, डेपो ते इस्पितळ आणि इस्पितळ ते डेपो. ही पडद्यांच्या कारखान्यात शिवणावर. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जातात, पत्ते खेळतात, नातवंडांना शाळेत सोडतात. याने राहतं घर विकून पाण्यावरची गाडी आणली. गाडीच म्हणायचा तिला, होडी शब्द त्याच्या तोंडी बसलाच नाही. घर विकताना तिला विचारलं नव्हतं असं नाही, विचारलं होतं, पण सही झाल्यावर. ती तेव्हाही अशीच चिडली होती. आठ दिवस बोलली नाही. मग पहिल्या दिवशी बंदरातून बाहेर पडताना तो चाकाशी बसून म्हणाला, कंडक्टर, बेल द्या. तिने स्वयंपाकघरातला चमचा पातेल्यावर दोनदा वाजवला आणि तिथेच फसली. पहिलं वर्ष ती ओकत होती. दुसऱ्या वर्षी शिडं शिवायला लागली. तिसऱ्या वर्षी वारा मानेवर कुठे लागतो त्यावरून उद्याचं सांगायला लागली, आणि पाचव्या वर्षी तिला एक दिवस असं लक्षात आलं की तिला परत जायचं नाहीये, कुठेच. तिने ते त्याला सांगितलं नाही. त्याला एवढं जिंकू द्यायचं नव्हतं. हे आत्ता, लॉन्ड्रीसमोर उभं राहून आठवताना तिला स्वतःचाही राग आला. सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्याने पाटी लावायच्या आधी निदान दोनदा विचार केला असता. की तोही सही झाल्यावर केला असता?

आणि सांगण्यावरच तर सगळं चाललं होतं. दोघांनी जुळी होडी दूरवर न्यायची म्हणजे एकाने झोपायचं आणि एकाने जागायचं, तीन तीन तासांनी. मोठ्या प्रवासात नवराबायको एकमेकांना फक्त पहारा बदलतानाच भेटतात, बाकी वेळ एकाचं अंथरूण दुसऱ्याच्या अंगाने गरम. त्या भेटीचा नियम त्याने डेपोतून आणला होता. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात देताना सगळं सांगायचं, ब्रेक ढिला आहे, दुसरा गिअर अडतो, मागचं दार लागत नाही. लपवलं तर पुढचा माणूस मरतो. तसं पाण्यावर चार गोष्टी सांगायच्या. वारा, दिवे, दोर, आणि चौथं स्वतः. स्वतः हे तिने वाढवलं होतं. झोप येते आहे का, ताप आहे का, मनात काही खुपतंय का, ते पण सांगायचं, कारण गाडी कितीही धड असली तरी चालवणारा धड नको का. ऐकणाऱ्याने सगळं परत म्हणून दाखवायचं आणि मग एकच शब्द बोलायचा, घेतला. तो शब्द ऐकल्याशिवाय पहिल्याने आत पाऊल टाकायचं नाही, मग पाऊस असो नाहीतर डोळे मिटत असोत. सहा वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. जमिनीवर ती त्याला अहोजाहो करायची, पाण्यावर अरेतुरे, कारण वाऱ्यात अहो म्हणत बसलं तर गाडी दगडावर जाते. आणि दर वेळी चौथ्या गोष्टीला तो छातीवर हात मारून म्हणायचा, मी ठणठणीत.

ठणठणीत. ती चालायला लागली. यादीतलं पुढचं एकही काम न करता ती नुसती चालत होती, रस्ता ओलांडताना एका मोटारवाल्याने खच्चून हॉर्न मारला आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने काच वर केली. कधीपासून? डोळा काही चावीसारखा एका दिवसात हरवत नाही. ती मागे मागे जायला लागली, शिवण उसवावी तशी, एक टाका ओढला की पुढचा सैल होत होता. चहा ओतताना तो कपाच्या बाहेर ओतायचा. गेलं सगळं वर्ष. ती करवादायची, फडकं फेकायची, म्हणायची, बसमध्ये तरी बरं, रस्ता रुंद असायचा. तो हसायचा. बाहेर बसला की मान कोंबडीसारखी तिरकी धरायचा. ती म्हणाली होती, मान आखडली असेल, तेल लावते, आणि लावलं होतं, रोज, दहा दिवस, अंगठ्याने दाबून दाबून. आधी सुईत दोरा तोच ओवून द्यायचा, त्याचा फार अभिमान, एका फुंकरीत ओवायचा. मग एक दिवस म्हणाला, तुझं काम तू कर, मी काय तुझा नोकर आहे. आणि बसायची जागा. सगळा जन्म तो तिच्या डाव्या हाताला बसला. सिनेमात, लग्नाकार्यात, होडीच्या मागच्या बाकावर. गेल्या दीडेक वर्षात कधीतरी तो उजवीकडे येऊन बसायला लागला. तिने विचारलं, आज इकडे कुठे. म्हणाला, इकडून तू छान दिसतेस. ती चक्क लाजली होती. या वयात. तीन दिवस तिच्या चालण्यात फरक पडला होता.

ती एका बाकावर बसली. समोर शाळेची भिंत होती, भिंतीमागे पोरांचा गलका. इकडून तू दिसतेस, एवढंच खरं होतं त्यातलं. तिकडून दिसतच नव्हती.

तिने मुलीला फोन लावला. मुलगी नोकरीच्या गडबडीत होती, आई बोल लवकर, म्हणाली. तिने काहीच आडपडदा न ठेवता विचारलं की बाबांच्या डोळ्याचं तुला ठाऊक आहे का.   पलीकडे मुलगी कुणाला तरी, जरा बाहेर थांब, असं सांगत असल्याचं ऐकू आलं.

"बाबांनी शपथ घातली होती गं," मुलगी शेवटी म्हणाली. "म्हणाले, तिला कळलं तर ती रात्री झोपणार नाही."

"आणि तुला ते पटलं."

"आई, इकडे आमच्याजवळ राहायला या ना आता. किती दिवस असं पाण्यावर."

तिने फोन ठेवला. राग हा तिच्या माहेरचा. तिची आई रागावली की भांडी घासायची, घासलेलीच परत घासायची, पितळ पातळ होईपर्यंत. हिच्या हाताशी आत्ता काही नव्हतं, फक्त दोऱ्याचं गुंडाळं होतं, आणि ती त्याचं टोक सोडवून बोटाला गुंडाळत होती, बोट निळं पडेपर्यंत. झोपणार नाही. म्हणजे दीड वर्ष ती झोपली ती कशाच्या भरवशावर? ती आत, पाण्याच्या पातळीखाली, कानाशी लाकूड आणि लाकडापलीकडे समुद्र, अशी गाढ झोपायची की तोंडातून लाळ गळायची. तिला जमिनीवर कधी अशी झोप लागली नव्हती. कारखान्याच्या दिवसांत नाही, मुलगी तान्ही असताना नाही, कधीच नाही. ती झोप तिला त्याच्या जागं असण्यातून मिळाली होती. आणि तो वर अर्धा समुद्र बंद करून बसला होता. त्याने तिची झोप तिच्या नकळत खोटी करून टाकली होती, मागच्या तारखेपासून. आता ती परत जाऊन जागी कशी राहणार होती?

पण हे सगळं तिने एकवेळ गिळलं असतं. माणूस घाबरतो, घाबरलेला माणूस लपवतो, तिने आयुष्यात कमी लपवलं नव्हतं. बोटावरून दोरा सोडवताना तिची नजर तळहातावरच्या व्रणावर गेली. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत पांढरी रेघ. आणि मग तिला जाळं आठवलं.

एक वर्ष आणि दोन महिने झाले त्याला. पहाटेचा पहारा बदलताना तिने चारही गोष्टी सांगितल्या. वारा मागून, एक मासेमारीची होडी डावीकडे लांब, उजवीकडे मोकळं, मी जरा दमलीये. त्याने म्हणून दाखवलं. घेतला, म्हणाला. मी ठणठणीत. ती आत जाऊन आडवी झाली, अर्धा तास डोळा लागला असेल नसेल तो गाडीला कुणी मागून दोरी ओढावी तसा हिसका बसला. वर आली तर चांगलं उजाडलेलं, आणि उजव्या बाजूला नारिंगी पिंपांची रांग, एक नाही दोन नाही, वीस पिंपं, पाण्यावर तरंगणारी, आंधळ्यालाही दिसतील अशी. तेव्हा ती अगदी असंच म्हणाली होती. आंधळ्यालाही दिसतील. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तिला वाटलं थंडीने. जाळ्याचा दोर सुकाणूला गुंडाळला होता. त्याला दम धरवत नाही म्हणून तीच दातात सुरी धरून पाण्यात उतरली. पाणी एवढं गार की डोकं कुणी शिकंज्यात धरल्यासारखं. दोर कापता कापता सुरी निसटली आणि तळहात उघडला. वर आल्यावर तो हात बांधत होता आणि बांधता बांधता म्हणाला, तू उजवीकडचं सांगितलंच नाहीस.

तिला आठवत होतं की सांगितलं होतं. मोकळं, हा शब्द तोंडात आठवत होता. पण तो म्हणाला तू सांगितलं नाहीस, आणि तो कधी खोटं बोलत नाही, आणि ती दमलेली होती हे तिने स्वतःच चौथ्या गोष्टीत सांगितलं होतं. मग तिने मान खाली घातली. त्यांच्याकडे एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, तीही डेपोतल्यासारखी. ज्याची चूक त्याने आपल्या हाताने लिहायची, म्हणजे परत होत नाही. उजवा हात बांधलेला, तिने डाव्या हाताने लिहिलं, उजवीकडचं जाळं सांगायचं राहिलं, माझी चूक. तो शेजारी उभा राहून बघत होता. उजव्या बाजूला.

त्यानंतर तिने काय काय केलं. ती पहाऱ्यावर डोळे फाडून बसायची, एकेक लाट दोनदा बघायची, तीन तासांऐवजी चार तास जागायची, कारण आपल्यावर भरवसा राहिला नव्हता. पुढच्या बंदरात ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. हो, ती. तो म्हणाला, मी येतो सोबत, आणि आला, आणि भिंतीवरच्या मोठ्याच्या बारीक होत जाणाऱ्या अक्षरांखाली, मांडीवर तिची पिशवी धरून, तासभर बसून राहिला. डॉक्टरीणबाईने तिच्या डोळ्यांत दिवा मारला, काचा बदलल्या, खालची ओळ वाचून घेतली आणि म्हणाली, तुमची नजर विशीतल्या पोरीसारखी आहे, काळजी कसली करता. ती बाहेर आली आणि त्याला हसत हसत सांगितलं. तो म्हणाला, चला, बरं झालं. मग दोघांनी बाहेर भजी खाल्ली. त्याने दोन प्लेटी खाल्ल्या.

ती बाकावरून उठली तेव्हा शाळा सुटत होती. दोन प्लेटी. तिला ते भज्यांचं मन भरून खाणं जास्त लागलं, डोळ्यापेक्षा, घरापेक्षा, पाटीपेक्षा.  चालताना तिने जे जे बोलायचं ते ठरवलं, एकाहून एक वाईट वाक्यं, आणि प्रत्येक कोपऱ्यावर आधीचं वाक्य कमी पडून नवं सुचत होतं. धक्क्याशी पोचली तेव्हा चाराला वीस मिनिटं होती आणि तिच्याजवळ एकही वाक्य उरलं नव्हतं.

तो फळीच्या पुलावर वाकून फरशी घासावी तसं डेक घासत होता. पाठमोरा. टकलावर ऊन पडलेलं. गाडी कधी नव्हती एवढी चकाचक होती. तिचं शिवणाचं मशीन चादरीखाली झाकलेलं, तिच्या सपाता कुठेतरी कोंबलेल्या, दारातला तिचा बिनहाताचा जुना स्वेटर गायब. कुणी राहतच नसल्यासारखी. ती त्याच्या उजव्या बाजूने आत चढली आणि मुद्दामच थांबली, दोन हातांवर. तो घासत राहिला. तिने मनात वीस आकडे मोजले. त्याला पत्ता नव्हता. मग त्याला सावलीचा की वासाचा अंदाज आला असेल, त्याने अख्खी मान वळवली आणि दचकला.

"लवकर आलीस," तो म्हणाला. "वायसर मिळाले?"

तिने घडी केलेला कागद त्याच्यासमोर ओल्या डेकवर टाकला. त्याने तो उचलला नाही. ओल कागदात चढत गेली आणि फोटोतली निळी चादर गडद झाली. त्याने ब्रश बादलीत ठेवला आणि गुडघ्यांवरच बसून राहिला, उठला नाही.

धक्क्यावरून तेवढ्यात माणसं आली. दोघं, तरुण, बाईच्या पायात कोरे करकरीत पांढरे बूट. दुरूनच त्यांनी होडीकडे असं बघितलं की जणू पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते ठरवून झालंय. बाई दातांची डॉक्टर होती, नवरा कसलंसं ऑफिस चालवायचा, जरा आधीच आलो, चालेल ना, असं म्हणाले. तो उठायला लागला. ती त्याच्याआधी कठड्याशी गेली. तिने त्यांना अगदी मऊ आवाजात सांगितलं की ताई, होडी विकायची नाही, चूक झाली, कागद चुकून लागला. नवरा म्हणाला की फोनवर तर साहेबांनी. ती म्हणाली, साहेबांनी मला विचारलं नव्हतं, आणि कागदावर माझीही सही लागते, ती मी करत नाही. बाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गुडघ्यांवर बसलेल्या त्याच्याकडे, आणि नवऱ्याचा दंड धरला. दातांच्या डॉक्टरला दुखतंय कुठे ते लगेच कळत असावं. ती दोघं गेली. पांढऱ्या बुटांचा आवाज फळ्यांवर बराच वेळ येत राहिला.

मग ती आत गेली आणि निळी वही घेऊन आली. पेन घेऊन आली. दोन्ही त्याच्यासमोर ठेवली आणि बाकावर बसली.

"पहारा बदलायचाय," ती म्हणाली. "सांग."

त्याला पहिल्यांदा कळलं नाही, किंवा कळल्यावर टाळावंसं वाटलं. म्हणाला, बंदरात बांधलेल्या गाडीवर कसला पहारा. तिने वही त्याच्याकडे अजून थोडी सरकवली. तो म्हणाला, मी सांगणारच होतो, विकून झाली की लपवायचंच कारण उरलं नसतं. मागच्या आठवड्यात एक मोठं जहाज उजवीकडून आलं, तू आत झोपली होतीस, मी आधी त्याचा आवाज ऐकला आणि मग तोंड फिरवून पाहिलं, तेव्हा ते घराएवढं दिसत होतं. गेलं शेजारून. तू कूससुद्धा बदलली नाहीस. त्या रात्रीच ठरवलं की बास. ती म्हणाली, वारा.  मग तो नियमावर आला, कारण नियम त्याचाच होता. वारा पश्चिमेचा, हलका, म्हणाला. दिवे नाहीत, दिवस आहे. दोर चारही बांधलेले, मागचा डावा दोर घासतोय. आणि इथे तो थांबला, आणि त्याचा हात सवयीने छातीकडे गेला आणि अर्ध्या वाटेत राहिला.

"उजव्या डोळ्याने काही दिसत नाही," तो म्हणाला. "दीड वर्ष. जाळ्याच्या दिवशी पण नव्हतं दिसत. तू मोकळं म्हणाली होतीस, ते खरं होतं. मी ऐकलं होतं."

"लिही."

त्याने वही मांडीवर घेतली. पानं मागे मागे उलटत गेला, मान तिरकी करून, नाक कागदाला लागेल एवढा जवळ जाऊन. तिला पान ठाऊक होतं. तिने सांगितलं नाही. बराच वेळ गेला. शेजारच्या होडीवर कुणीतरी रेडिओ लावला आणि बंद केला. शेवटी त्याला ती डाव्या हाताने लिहिलेली वाकडी ओळ सापडली, तेव्हा त्याच्या तोंडून एक बारीक आवाज आला, पाय मुरगळल्यावर येतो तसा. त्याने ती ओळ खोडली. एक रेघ मारली, ती ओळीच्या खालून गेली, दुसरी मारली, ती बरोबर मधून. मग शेजारी लिहिलं. लिहून झाल्यावर वही तिच्याकडे दिली आणि उभा राहिला, हात बाजूला सोडून.

जाळं मला दिसलं नाही. उजवा डोळा गेला. माझी चूक, आणि तिच्यावर घातली. अक्षरं घसरत घसरत कडेपर्यंत गेली होती, शेवटचा शब्द पुठ्ठ्यावर उमटला होता. तिने ते म्हणून दाखवलं, नियमाप्रमाणे, एकही शब्द न गाळता. वारा पश्चिमेचा, हलका. दिवे नाहीत. मागचा डावा दोर घासतोय. उजव्या डोळ्याने दिसत नाही. पुढचा शब्द राहिला होता, आणि तो दाराशी जाऊन त्या शब्दाची वाट बघत उभा होता, कारण त्याशिवाय आत जाता येत नाही.

तिने तो म्हटला नाही. मशीनवरची चादर ओढून काढली, शीड मांडीवर घेतलं, फाटलेली जागा शोधून तिच्यावर ठिगळ मांडलं. सुईत मेणाचा दोरा ओवला, एका झटक्यात. राग कमी झाला नव्हता, फक्त त्याला आता बसायला जागा मिळाली होती. ती शिवायला लागली. ठिगळाची पहिली बाजू झाली. तिने न बघता सांगितलं की यापुढे रात्रीची गाडी बंद, दिवस मावळायच्या आत नांगर, लांबचा पल्ला गेला तुझ्या डोळ्याबरोबर. तो हं म्हणाला. दुसरी बाजू झाली. तिने सांगितलं की उद्या डॉक्टरकडे जायचं, आणि या वेळी पिशवी मी धरणार. तिसरी बाजू झाली. ऊन त्याच्या खांद्यावरून उतरून डेकवर आलं, त्याने एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेतला, पण चौकट ओलांडली नाही. मुलीला फोन करून सांग की आम्ही येत नाही, ती म्हणाली. चौथ्या बाजूला तिने मुद्दाम हात सावकाश केला. टाके बारीक घातले, सरळ, एकसारखे. इथे लाटा नव्हत्या. शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, ठिगळावरून तळहात फिरवला.

"घेतला," ती म्हणाली. "जा, चहा ठेव. आणि कपात बोट घालून ओत, म्हणजे बाहेर सांडणार नाही. भाजलं तर भाजलं."